त्रेसष्टाव्या प्रश्नाचं उत्तर

आमच्या ह्यांना आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जमल्या. एक, दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं. दोन, ती खोट इतक्या शांतपणे सांगणं की समोरच्याला रागावताही येऊ नये. पहिल्या गोष्टीचा पगार कंपनी द्यायची, दुसरी मला फुकटात भोगावी लागायची. साहेबराव पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार सुटा भाग, त्यांच्या टेबलावर यायचा, ते मापाचं गेज लावून बघायचे आणि त्याला चिठ्ठी बांधायचे: पास, दुरुस्ती किंवा नापास. घरीसुद्धा भाकरी उलटून पाहिल्याशिवाय घास मोडायचे नाहीत. मी एकदा विचारलं, चिठ्ठी कुणाला बांधणार, भाकरीला की करणारीला? तर म्हणाले, करणारी पास होऊनच घरात आलीय. असं काही बोलले की माझा राग जागच्या जागी विरायचा, आणि त्याचाही मला राग यायचा.

ही गोष्ट पंचाहत्तर सालची. पिंपरीत आमची ख्रिस्ती मंडळी तेव्हा चाळीसएक घरांची होती, बहुतेक नगर जिल्ह्यातून कारखान्यांच्या मागे आलेली. आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, त्यांच्या घराला लागून पत्र्याची लांबट खोली होती, तिथे रविवारची उपासना व्हायची. खोलीच्या कोपऱ्यात पुस्तकांचं लोखंडी कपाट होतं. कुणी मिशनरी बाई मायदेशी जाताना देऊन गेलेली पुस्तकं, कुणी पुण्याहून रद्दीतून उचलून आणलेली. विषय सगळ्यांचा जवळपास एकच: देव आहे हे कसं सिद्ध करावं, एकात तीन आणि तिनात एक म्हणजे काय, शंका काढणाऱ्याला काय उत्तर द्यावं. लोक दिसेल ते घरी न्यायचे आणि पुढच्या रविवारी पाळकांना गाठून विचारायचे, साहेब, हे असं लिहिलंय ते खरं का? पाळक बिचारे कंटाळले. त्यांनी ठरवलं की पुस्तक आधी कुणीतरी नीट वाचायचं, पहिल्या पानावर मत लिहून डकवायचं, आणि मगच ते कपाटात ठेवायचं. आणि हे काम त्यांनी दिलं आमच्या ह्यांना.

झालं. एरवी घरात कुणी आजारी पडलं तरी ज्यांच्या लक्षात येत नाही, ते साहेबराव जेवणानंतर पेन्सिल कानावर ठेवून धर्मशास्त्र तपासायला लागले. चिठ्ठ्याही कारखान्यातल्यासारख्याच. एका इंग्रजीतून मराठीत आणलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असलाच पाहिजे, तसं जग आहे म्हणजे देव असलाच पाहिजे. ह्यांची चिठ्ठी: "घड्याळजी आहे हे पटते. त्याला आपली काळजी आहे हे यातून कळत नाही. दुरुस्ती." त्रैक्यावरच्या, म्हणजे त्या एकात तीनवाल्या, जाडजूड ग्रंथावर लिहिलं: "पान ऐंशीपर्यंत लेखकाला समजले आहे. पुढे आपल्याला समजावे अशी त्याची इच्छा दिसत नाही." आणि एका पुस्तकात दुसऱ्यांच्या धर्मांची पानभर टिंगल होती, त्यावर फक्त दोन ओळी: "दुसऱ्याचा माल रिजेक्ट केल्याने आपला पास होत नाही. नापास." पाळकसाहेब ही चिठ्ठी वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण साहेबराव एकटे कधी पास करायचे नाहीत. कारखान्यात नियमच होता, ज्यानं जॉब केला त्यानं तो पास करायचा नाही. ते म्हणायचे, ही पुस्तकं ज्याला पटलेलं नाही त्याच्यासाठी लिहिलीत, मग आधीच पटलेल्या माणसानं ती पास करून काय उपयोग? म्हणून प्रत्येक पुस्तक ते भीमराजभावजींकडे द्यायचे. भीमराज शेजारच्या ब्लॉकमधले, ह्यांच्याच शिफ्टला लेथवर. घर बौद्ध, आणि माणूस वाचनाचा भुकेला. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची, त्या दुपारी ते पुस्तक घेऊन आमच्याकडे चहाला यायचे. नापसंत जागेखाली बारीक रेघ ओढलेली, बाकी एक अक्षर नाही. एकदा मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या पुस्तकांतला शंका काढणारा माणूस फार गरीब असतो. दोन प्रश्न विचारतो आणि तिसऱ्याला पटलं म्हणून गप्प बसतो. आपल्या वस्तीत असा एक दाखवा." मंडळीतल्या दोघातिघांना हे रुचत नव्हतं, पण पाळकांनी कानाडोळा केला.

त्या वर्षी जूनमध्ये माझे वडील आमच्याकडे कायमचे राहायला आले. शांतवन मास्तर; आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नेवासे तालुक्यात मिशनच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं शिकवलं होतं. माझी आई, गिरजाबाई, आदल्या वर्षी गेली, आणि अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते एस.टी.तून उतरले. ट्रंकेत दोन धोतरं, एक काळा कोट आणि एक जाडजूड वही. वहीचं नाव 'शंकानिरसन'. शंभर प्रश्न, शंभर उत्तरं, प्रत्येक उत्तराखाली मास्तरांच्या सवयीप्रमाणे तारीख. तीस वर्षांहून जास्त काळ लिहीत होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांची अशी एक वही असते.

अण्णांना आता ती वही वाचता येत नव्हती, पण त्यांची एकच इच्छा उरली होती. ती छापायची नव्हती, तेवढी त्यांची उडी नव्हती. ती आमच्या कपाटात जावी, कुणीतरी ती घरी न्यावी, वाचावी. त्यांनी दोन्ही हातांनी ती जावयापुढे धरली आणि म्हणाले, साहेबराव, जावई म्हणून वाचू नका, परीक्षक म्हणून वाचा. आमच्या ह्यांना असं सांगणं म्हणजे मांजराला दूध पी म्हणून आग्रह करणं. पण ते म्हणाले, अण्णा, हा घरचा माल आहे, मला पास करता येणार नाही, भीमराज बघेल. अण्णांना वाईट वाटेल म्हणून मी सावरायला तयारच बसले होते, तर उलट ते खूश झाले. बाहेरचा माणूस वाचणार म्हणाले.

महिनाभर भीमराजभावजींनी ती वही वाचली. अण्णा रोज संध्याकाळी विचारायचे, कितव्या प्रश्नावर आले? शेवटी एका गुरुवारी, अण्णा बाहेर बाकावर बसलेले असताना, वही परत आली. शंभरांपैकी नव्व्याण्णवांवर किरकोळ खुणा होत्या. एक उत्तर मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत रेघेवर होतं. प्रश्न त्रेसष्टावा: निष्पाप लेकरू का मरते? उत्तर अण्णांनी लिहिलं होतं की माळी बागेतलं सगळ्यांत सुंदर फूल आधी तोडतो, तसं देव चांगलं लेकरू आधी नेतो, आणि जे आईबाप त्यावर रडत बसतात त्यांच्या विश्वासात काहीतरी कमी आहे. भीमराज म्हणाले, "साहेबराव, हे उत्तर लेकरू गेलेल्या घरात वाचून दाखवा. तिथं चाललं, तर मी रेघ खोडतो."

ह्यांनी चिठ्ठी लिहिली: "दुरुस्ती. प्रश्न ६३." आणि ती वहीत न डकवता खिशात ठेवली, कारण अण्णांना सांगायचं कसं ते सुचेना. मी भांडले. म्हटलं, शंभरांतलं एक तर आहे, आणि माणसाचं वय काय, डोळे काय, बायको जाऊन वर्ष झालंय. ते म्हणाले, बेअरिंगमध्ये एक गोळी चिरलेली असली तर बाकीच्यांचं कौतुक कोण करतं? मी म्हटलं, माझा बाप म्हणजे बेअरिंग नव्हे. पंधरा दिवस झाले, अण्णा विचारायचे थांबेनात, हे सांगेनात, आणि माझा जीव मध्येच टांगलेला.

मग मी ते केलं. एका इन्स्पेक्टरच्या बायकोलाच सुचावं असं ते पाप. पाचसहा वर्षं ह्यांच्या चिठ्ठ्या बघत आलेली, अक्षर मला पाठ होतं. कागदाचा तुकडा घेतला, वर "पास" लिहिलं, खाली ह्यांची असते तशी तिरकी 'सा.' ओढली, भाताच्या खळीनं वहीच्या पहिल्या पानावर डकवली. शनिवारी उपासनेची खोली झाडायची पाळी माझीच होती, कपाटाची किल्ली माझ्याकडे. वही कपाटात ठेवली आणि घरी येऊन अण्णांना सांगितलं, पास झाली.

रविवारी अण्णांनी काळा कोट घातला. मी त्यांचा हात धरून कपाटापाशी नेलं, तर त्यांनी बोटांनी एकेक पुस्तक चाचपत आपली वही ओळखली आणि तिच्यावर नुसता तळहात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, ह्यासाठी मी दहा चिठ्ठ्या खोट्या लिहीन. हे त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला होते. घरी आले तर अण्णा म्हणाले, जावईबापू, उपकार झाले. साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हला पंप मारत राहिले. म्हातारा बापडा इतका आनंदात होता की ह्यांनाही तोंड उघडवेना. पुढे मला एकटीला गाठून एवढंच म्हणाले, परत आणून ठेव, मी त्यांना सावकाश सांगतो.

मी आज आणते, उद्या आणते करत आठवडा काढला. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर गेले तर वही जागेवर नाही. नोंदवहीत नाव होतं: मंजुळाबाई, आकुर्डी. मंजुळाबाईचा नवरा फाउंड्रीत होता. तिला दोन मुलं, एक मुलगा आणि एक चार वर्षांची मुलगी. ती मुलगी चार महिन्यांपूर्वी गोवरानं गेली होती. वही तिनं आदल्या रविवारीच नेली होती, आणि ह्या रविवारी ती उपासनेला आलेली नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी आकुर्डीला तिच्या चाळीत गेले. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही फळीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवली. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मास्तरांचं हाय म्हून नेलं व्हतं, ताई. आत तुमच्या मालकांची चिठ्ठी व्हती. ते उगंच कुणाचं पास करत न्हाईत, समद्यांना ठावं हाय." मग कोपऱ्यात पाटीवर रेघोट्या मारणाऱ्या मुलाकडे बघून म्हणाली, "चांगलं असतं ते आदी नेतो म्हंत्यात. पोर चांगलीच व्हती माझी. मग ह्यो राहिला त्यो काय कमी चांगला हाय म्हून राहिला? का ह्यो वाईट निघू दे, असं मागू देवाला?"

चिठ्ठी खोटी आहे, मी लिहिलीय, हे मला तिथं बोलता आलं नाही. परत येताना बसमध्ये ती वही मांडीवर इतकी जड वाटत होती, आणि मला माझीच शिसारी आली. ज्या नवऱ्याच्या काटेकोरपणाची मी आयुष्यभर टिंगल केली, त्याच्या नावावर विश्वास ठेवून ही बाई फसली होती.

घरी आले तेव्हा साहेबराव फर्स्ट शिफ्टहून आलेले, अण्णा खाटेवर. मी दोघांपुढे बसून सगळं सांगितलं. चिठ्ठी, खळ, किल्ली, मंजुळाबाई, तिनं विचारलेलं. हे रागावले नाहीत. म्हणाले, सही माझी आहे, माल माझ्या नावानं बाहेर गेला, मीच जाऊन सांगतो. अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, "वाच ते उत्तर."

मी वाचलं. दहा ओळी होत्या. वाचताना पहिल्यांदाच मला त्या ऐकू आल्या.

"खाली तारीख काय आहे?"

"एकवीस जुलै, बेचाळीस."

अण्णांनी हात पुढे करून वही आपल्या मांडीवर घेतली. माझ्या आधी आईला एक मूल झालं होतं आणि ते गेलं, एवढं मला एका आत्याकडून कळलं होतं. घरात तो विषय कधी निघाला नाही. मी विचारलंही नव्हतं.

"तुझ्या आधीचा गेला, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात लिहिलं हे," अण्णा म्हणाले. "तुझी आई रोज विचारायची, का नेलं, का नेलं. मला उत्तर नव्हतं. मग हे सुचलं. मी तिला समोर बसवून वाचून दाखवलं. त्या दिवसापासून तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, तिला पटलं. शंभरांतलं हे एकच उत्तर मी माणसावर वापरून पाहिलं होतं, प्रभा. माझा सगळ्यांत जास्त भरवसा ह्याच्यावर होता."

साहेबराव उठून त्यांच्याजवळ खाटेवर बसले. माझ्या ह्या माणसाला कुठल्या वेळी गेज खाली ठेवायचं तेही कळतं, हे मला तेव्हा कळलं.

वहीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. त्रेसष्टाव्या उत्तरावर काट मारली आहे. तिच्याखाली भीमराजभावजींच्या अक्षरात, कारण अण्णांना दिसत नव्हतं, अण्णांनी सांगितलेली ओळ आहे: "हे उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर मला येत नाही." माझी चिठ्ठी मीच पाण्यानं भिजवून काढली. नवी पाळकसाहेबांनी लिहिली. मंजुळाबाई दोन महिन्यांनी उपासनेला आली, मागे बसली, गायली नाही. आली एवढंच.

पण त्याआधी, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, अण्णा आकुर्डीला गेले. ह्यांना बरोबर येऊ दिलं नाही, फक्त मी. मंजुळाबाईनं सतरंजी टाकली, पदर सारखा केला आणि मान खाली घालून बसली. मास्तर समजूत घालायला आलेत असं तिला वाटलं असणार. चार महिन्यांत किती जण आले असतील समजूत घालायला.

"मी समजावायला आलो नाही, बाई," अण्णा म्हणाले. "मी चुकीचं लिहिलं होतं. ते तुझ्या हातात पडलं." मग त्यांनी विचारलं, "पोरीचं नाव काय?"

"सुवार्ता."

"काय करायची दिवसभर?"

मंजुळाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, खरंच सांगू का असं. आणि मग सांगायला लागली. कुठल्याही कारखान्याचा भोंगा झाला की पोर दारात पळायची, बाप आला म्हणून. कुणाची शिफ्ट, कुठली कंपनी, तिला काय कळतंय. दिवसातून सहासात वेळा बाप येणार असायचा. फ्रॉकच्या खिशात फुटाणे भरून शेजारच्या कोंबड्यांना एकेक वाटायची, आणि एकीनं दोन खाल्ले तर रागवायची. मंजुळाबाई सांगता सांगता हसली, मग रडली, मग डोळे पुसून परत सांगायला लागली. अण्णा मध्ये मध्ये विचारायचे. फुटाणे कुठल्या हातानं द्यायची? उंबऱ्यावर चढता यायचं का? ज्या माणसाकडे शंभर प्रश्नांची उत्तरं होती, तो दोन तास नुसते प्रश्न विचारत बसला. मुलगा पाटी सोडून आईच्या मांडीशी येऊन बसला आणि त्यानंही बहिणीची एकदोन लबाड्या सांगितल्या.

परतीच्या बसमध्ये अण्णांना खिडकीशी बसवलं. चिंचवड आलं. मग काळा कोट मांडीवर सारखा करत म्हणाले, "शमुवेल."

मला कळलं नाही.

"तुझा भाऊ. आई शमू म्हणायची. सव्वा वर्षाचा होता. मी घरी फळा धुवून त्यावर दुसऱ्या दिवशीचे धडे लिहायचो, आणि हा भिंत धरून धरून यायचा आणि खालची ओळ तळहातानं पुसायचा. मी ओरडायचो. तुझी आई म्हणायची, वरच्या दोन ओळी त्याच्या हाताला येत नाहीत, तिथं लिहा की."

मी एकतीस वर्षांची होते, आणि माझ्या भावाचं नाव मला आज कळत होतं. मी म्हटलं, अण्णा, आणखी सांगा. ते सांगत राहिले. पिंपरीचा थांबा आला, कंडक्टरनं दोनदा ओरडून सांगितलं, आम्ही उतरलो नाही. कासारवाडीही गेली. तिथं केव्हातरी अण्णांचं सांगणं संपलं, आणि त्यांनी न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवले.

"हे मी तुझ्या आईला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "ती सांगायला बसली होती."